माणसं फार झाली म्हणून निसर्ग बिघडला, एवढं उत्तर पुरेसं आहे का?

वहीचं_पान

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, नीट मांडता येईल की नाही माहीत नाही, सांभाळून घ्या.

माझी मुलगी तेरा वर्षांची. तिला शाळेतून लोकसंख्या आणि पर्यावरण असा प्रोजेक्ट आलाय. परवा रात्री आम्ही दोघं ग्राफ पेपरवर जगाची लोकसंख्या काढत बसलो होतो. १८०४ च्या आसपास १०० कोटी, मग थेट १९२७ ला २०० कोटी, म्हणजे दुसरे शंभर कोटी व्हायला सव्वाशे वर्षं, आणि तिथून पुढे १९६० ला ३००, १९७४ ला ४००, मग १९८७, १९९९, २०११ अशी दर बारा-तेरा वर्षांनी शंभर कोटींची भर, आणि नोव्हेंबर २०२२ ला ८००. स्केल घेताना आमचा अंदाज चुकला, १९९९ लाच कागद संपला. तिने वरच्या बाजूला दुसरा कागद डिंकाने चिकटवला आणि रेघ पुढे नेली. मग बराच वेळ त्या जोडाकडे बघत बसली आणि म्हणाली, "बाबा, म्हणजे आपणच जास्त झालोय का?"

मला उत्तर देता आलं नाही. लहानपणापासून हेच ऐकलंय की माणसं वाढली म्हणून जंगलं गेली, पाणी आटलं, हवा खराब झाली. मी स्वतः गर्दीत अडकलो की हेच बोलतो. पण तिने "आपणच" म्हटलं तेव्हा आत कुठेतरी खटकलं. कारण आता तिच्या वहीत शेवटी निष्कर्ष म्हणून "लोकसंख्या कमी केली पाहिजे" अशी एक ओळ जाणार, आणि कोणाची, कशी, हे कोणी विचारणार नाही. नुकसानीतलं किती खरंच डोक्यांच्या संख्येमुळे आणि किती आपल्या राहण्या-वागण्यामुळे, हे कोणी जरा उलगडून सांगेल का? तिला खोटं शिकवायचं नाहीये, घाबरवायचंही नाहीये.

---

उघडं_आभाळ

मुलीचा प्रश्न एकदम बरोबर आहे, फक्त त्यातलं "आपण" कोण ते आधी ठरवायला लागेल.

हवेपासून सुरू करतो कारण त्याची मापं चांगली आहेत. हवाई बेटांवरच्या मौना लोआ या डोंगरावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतायत, तेव्हा दर दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. १९६० पासून आजपर्यंत माणसं पावणेतीन पट झाली आणि कोळसा-तेल-गॅस जाळून निघणारा कार्बन चौपट झाला. नुसतं हे बघितलं तर वाटेल की बराचसा हिशोब संख्येनेच जुळतो. पण इथेच घोळ आहे. माणसं जिथे वाढली तिथे तो धूर निघाला नाही. नायजरचं उदाहरण घ्या, तिथे एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होतात, जगात सगळ्यात वरच्या देशांपैकी एक, आणि तिथला माणूस वर्षाला जेमतेम ०.१ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. अमेरिकेतला माणूस १४-१५ टन. म्हणजे अमेरिकेतलं एक माणूस नायजरमधल्या शंभराहून जास्त माणसांच्या बरोबरीचं. ऑक्सफॅम या गरिबीवर काम करणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये हिशोब मांडला होता की १९९० ते २०१५ या काळात जगातल्या सगळ्यात श्रीमंत १० टक्के लोकांच्या वाट्याला निम्म्याहून थोडं जास्त उत्सर्जन येतं आणि गरीब निम्म्या जगाच्या वाट्याला फक्त ७ टक्के.

दुसरी गोष्ट समुद्राची. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचा कॉड मासा. पाचशे वर्षं लोकांनी तो पकडला, संपला नाही. मग १९५० नंतर युरोपातून कारखान्याएवढी जहाजं आली, जाळी ओढायची, तिथेच साफ करायचं, तिथेच गोठवायचं, रात्रंदिवस. १९६८ मध्ये एका वर्षात ८ लाख टन मासा काढला. १९९२ मध्ये कॅनडा सरकारला मासेमारीवर बंदी घालावी लागली, हजारो लोकांचं काम एका दिवसात गेलं. त्या किनाऱ्यावर माणसं किती होती, पाच-सहा लाख! गर्दीने नाही संपवला तो मासा.

आणि मध्य आशियातला अराल समुद्र, एकेकाळचा जगातला चौथा मोठा तलाव. त्याच्या काठावरचं जुनं बंदर मोयनाक, तिथे गंजलेली जहाजं वाळूत बसलेली फोटोत बघितली असतील. दोन नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं म्हणून आटला, माणसांच्या तहानेने नाही.

म्हणून मुलीला सांगा, डोकी मोजण्याआधी प्रत्येक डोक्यामागे काय जळतंय ते मोज.

---

विहीर_तपासनीस

वरच्या प्रतिसादातला एकही आकडा मला नाकारायचा नाही पण त्यातून जो अर्थ निघतो की संख्या म्हणजे गौण गोष्ट, त्याला माझा ठाम विरोध आहे. हवेसाठी तो युक्तिवाद चालतो. माती आणि पाण्यासाठी नाही चालत, कारण श्रीमंत असो की गरीब, माणसाला रोज खायला लागतं.

मी पाणी तपासायचं काम करते, बोअर आणि विहिरींचं. नायट्रेटसाठी आमच्याकडे कागदी पट्टी असते, टोकाला पांढरा चौकोन. पाणी बाटलीत घ्यायचं, पट्टी बुडवायची, झटकायची, एक मिनिट थांबायचं. पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, वास नाही, चव नाही, आणि तो चौकोन हळूहळू गुलाबी व्हायला लागतो, आधी कडेने, मग पूर्ण. जितका गडद तितकं वाईट. लिटरला ५० मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, त्याच्या वर गेलं तर तान्ह्या बाळाला ते पाणी देऊ नका असं सांगायला लागतं, कारण बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते. मी हे किती आयांना सांगितलंय त्याची गणती नाही. त्या पट्टीकडे बघतात, मग पाण्याकडे बघतात, आणि त्यांना पटत नाही, कारण पाणी तर स्वच्छ दिसतंय!

हे नायट्रेट येतं कुठून, तर बरंचसं खतातून. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतला नायट्रोजन पकडून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशने १९१३ पर्यंत त्याचा कारखाना उभा केला, आणि आज जगातली साधारण निम्मी माणसं त्या नायट्रोजनवर जेवतायत. ते खत उद्या बंद केलं तर निम्मं जग उपाशी. हे एवढं सरळ आहे. १९६१ पासून धान्याचं उत्पादन तिपटीहून जास्त वाढलं आणि धान्याखालची जमीन फार थोडीच वाढली, ही मोठीच कमाई आहे, नाहीतर उरलेली जंगलंही नांगराखाली गेली असती. पण त्याच काळात नायट्रोजन खत नऊ-दहा पट झालं, आणि शेतात टाकलेल्यातला निम्म्याच्या आसपास पिकाला लागतच नाही. तो पाण्यात उतरतो, किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, जो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ २७० पट तापवतो. मिसिसिपी नदीतून हे सगळं मेक्सिकोच्या आखातात जातं, तिथे शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, आणि दर उन्हाळ्यात समुद्राचा एक पट्टा निर्जीव होतो. २०१७ मध्ये तो २२,७०० चौ. किमीच्या आसपास होता.

इथे प्रत्येक माणूस म्हणजे एक ताट आणि प्रत्येक ताटामागे थोडा नायट्रोजन आणि भरपूर पाणी. माणूस नद्या-तळी-जमिनीखालून जेवढं गोडं पाणी उपसतो त्यातलं ७० टक्के शेतीला जातं. ८०० कोटी ताटं आणि ४०० कोटी ताटं यात फरक नाही असं कोणी मला म्हणू नये.

---

उंबराचं_झाड

@विहीर_तपासनीस ताई, ताटं मोजलीत ते योग्यच, पण ताटात काय आहे तेही मोजूया ना. आणि गोठ्यातलं ताट राहिलंच की.

२०१८ मध्ये एक अभ्यास आला होता, पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं वजन केलं तर काय निघेल. ६० टक्के वजन पाळीव जनावरांचं, ३६ टक्के माणसांचं, आणि हत्ती, व्हेल, हरणं, वाघ, उंदीर, वटवाघळं सगळे जंगली धरून ४ टक्के. मी हे वाचलं तेव्हा जेवण बाजूला ठेवून पुन्हा वाचलं. शंभरात चार! लहानपणी प्राण्यांच्या पुस्तकात जे जे बघितलं ते सगळं त्या चारात.

जागेचंही तसंच. गर्दी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शहर येतं. प्रत्यक्षात राहण्याजोग्या जमिनीतला जेमतेम १ टक्का शहरं आणि बांधकामाखाली आहे. शेती आणि चराई मिळून जवळजवळ निम्मी जमीन खातात आणि त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त जनावरांसाठी, म्हणजे चरायला किंवा त्यांचा चारा पिकवायला. त्यातून मिळणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. अॅमेझॉनचं जंगल तोडलं गेलं त्यातली बहुतेक जमीन आज गुरांचं कुरण आहे. त्यामुळे रान गेलं ते घरं बांधायला नाही गेलं, आणि २०१९ च्या जागतिक अहवालात दहा लाख जाती नष्ट व्हायच्या धोक्यात आहेत असं जे म्हटलंय त्यातही जमिनीवर राहणाऱ्यांसाठी पहिलं कारण जमिनीचा वापर हेच दिलंय, समुद्रात मासेमारी.

सगळ्यांनी मांस सोडा असं मी म्हणत नाहीये. जिथे गवताशिवाय काही उगवतच नाही तिथे जनावर हाच आधार असतो. पण जिथे दिवसातून तीनदा मांस लागतं आणि वर पिकवलेलं वाया जातं, तिथल्या एका ताटाची बरोबरी दुसरीकडच्या ताटाशी होत नाही.

---

सरळ_बोलतो

सगळं वाचलं. पण हे सगळं फिरून फिरून तिथेच येतं की माणसं कमी असती तर काहीच अडलं नसतं. खप कमी करा हे ऐकणार कोण? गरिबाला पण उद्या पंखा हवा, फ्रिज हवा, गाडी हवी, आणि का नसावी. म्हणून संख्येवरच घाव घातला पाहिजे, सक्तीने का होईना. एक किंवा दोन, पुढे नाही. कायदा करा. मी रागाने नाही, काळजीने बोलतोय.

---

दवाखान्यातली_ताई

@सरळ_बोलतो दादा, काळजी पोचली. पंखा-फ्रिजचं तर शंभर टक्के बरोबर. पण सक्ती हा शब्द वाचून गप्प बसवेना. बावीस वर्षं नर्स आहे, त्यातली बरीचशी कुटुंब नियोजनाच्या खोलीत गेली.

सक्ती करून बघितलेली आहे. भारतात १९७६-७७ मध्ये एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंदी झाल्या, कित्येक जबरदस्तीने. सरकार पडलं, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे पुरुष नसबंदी या गोष्टीवरचा विश्वासच उडाला, तो आजतागायत नीट परतलेला नाही, सगळा भार बायकांच्या ऑपरेशनवर येऊन पडला. चीनचं उदाहरण सगळे देतात, पण तिथे १९७० ला एका बाईमागे सहाच्या जवळ मुलं होती ती १९७९ पर्यंत तीनच्या खाली आलेलीच होती, एक मुलाचा नियम त्यानंतरचा. आणि इराण बघा, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सहाच्या वर, आणि २००० च्या आसपास दोन. सक्ती नाही. खेड्याखेड्यात आरोग्य घरं, फुकट साधनं, लग्नाआधी जोडप्यांना माहिती, आणि मुली शाळेत. वीस वर्षांत!

आता माझ्या टेबलासमोरचं सांगते. एक बाई दर तीन महिन्यांनी इंजेक्शनला यायची. कार्ड घरी न्यायची नाही, आमच्याच ड्रॉवरमध्ये ठेवायची, कारण घरात कळलं तर बंद करतील. चार मुलं झालेली. तारीख लक्षात ठेवायला पदराच्या टोकाला गाठी मारायची, महिन्याला एक. तीन गाठी झाल्या की यायची. एकदा साठा संपला होता आणि मी तिला पुढच्या आठवड्यात ये म्हटलं. ती काही बोलली नाही, गाठी सोडल्या आणि गेली. पुढच्या आठवड्यात तिला यायला जमलं नाही. नंतर आली ती पाचव्यांदा गरोदर राहून.

तिला कायद्याची गरज नव्हती हो. तिला त्या दिवशी एक इंजेक्शन हवं होतं आणि ते आमच्याकडे नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२२ मध्ये सांगितलं की जगातल्या जवळजवळ निम्म्या गर्भधारणा ठरवून झालेल्या नसतात. निम्म्या. ज्यांना मूल नकोय त्यांनाच आधी साधन मिळू दे, मग ज्यांना हवंय त्यांच्यावर बंधन घालायची भाषा करूया.

---

आकडेमोड

ताईंच्या पोस्टनंतर आकडे लिहायचं जिवावर येतंय, पण वेळेचा मुद्दा कोणीच घेतला नाही आणि माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे.

जगाची वाढ १९६० च्या दशकात शिखरावर होती, वर्षाला २ टक्क्यांच्या वर. आज १ टक्क्याच्या खाली. एका बाईमागे तेव्हा पाच मुलं, आता २.३ च्या आसपास, आणि लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. म्हणजे गाडीचा ब्रेक केव्हाच दाबलाय. तरी वर्षाला साधारण ७ कोटी माणसं वाढतायतच, कारण आधी जन्मलेल्या त्या मोठ्या पिढ्या आत्ता आईबाप व्हायच्या वयात आहेत, प्रत्येकाने दोनच मुलं केली तरी आईबापच इतके आहेत की भर पडत राहते. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा की २०८० च्या दशकाच्या मध्यावर १०३० कोटींच्या आसपास जाऊन मग आकडा हळूहळू उतरेल.

आता हवेचं बघा. कार्बन कमी करायला हातात आहेत ती पुढची वीस-तीस वर्षं. तेवढ्यात संख्या हलत नाही, कितीही जोर लावा, जी माणसं तेव्हा धूर सोडतील त्यातली बहुतेक आज जन्मलेलीच आहेत. त्यामुळे हवेसाठी कोळसा-तेल हाच उपाय, लोकसंख्येवर बोट दाखवणं म्हणजे वेळ घालवणं. याउलट विहीर_तपासनीस ताईंचं पाणी, माती, उंबराच्या झाडाने सांगितलेलं रान, ही शंभर वर्षांची दुखणी आहेत, तिथे २१०० साली १०२० कोटी की ८५० कोटी याने खरंच फरक पडतो. तुम्ही दोघं भांडताय असं वाटतं पण बोलताय वेगवेगळ्या दुखण्यांबद्दल.

अजून एक, माणसं कमी झाली की आपोआप सगळं सुधारतं असंही नाही. घरं मोजा. कुटुंबं लहान होत गेली की माणसांपेक्षा घरांची संख्या जास्त वेगाने वाढते, आणि एकट्या माणसाच्या घरातला फ्रिज चौघांच्या घरातल्या फ्रिजइतकाच तास चालतो. जपानची लोकसंख्या पंधराएक वर्षं घटतेय. तिथल्या ओसाड पडलेल्या गावांत रानडुकरं आणि अस्वलं उतरतात हे खरं, पण भातखाचरं कसायची बंद झाली तिथे त्या खाचरांच्या पाण्यावर जगणारे बेडूक आणि चतुरही कमी होतात. माणूस उठून गेला म्हणजे जुनं रान जसंच्या तसं परत येत नाही.

---

वहीचं_पान

काय बोलू, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज संध्याकाळी मुलीला सगळं वाचून दाखवलं, पदराच्या गाठींपाशी ती म्हणाली "थांबा बाबा, परत वाचा". मग परत वाचलं.

@सरळ_बोलतो, तुमची पोस्ट वाचताना मला मी दिसलो, परवापर्यंत मी हेच म्हणत होतो, त्यामुळे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

तिने आता निष्कर्षाचं पान फाडून टाकलंय. त्याऐवजी चार ग्राफ काढायचे ठरवलेत, एकाखाली एक, वर्षं सगळ्यांना तीच: माणसं, कार्बन, नायट्रोजन खत आणि एका बाईमागे मुलं. शेवटचा एकटाच खाली येतो ना, तो तिला सगळ्यात आवडला. लोकसंख्येची रेघ तिने २१०० पर्यंत नेली, ठिपक्या-ठिपक्यांनी, आणि जिथे ती वळते तिथे पेन्सिल टेकवून विचारलं तेव्हा मी किती वर्षांची असेन. हिशोब केला, सत्तरी ओलांडलेली. तिने वळणाशेजारी स्वतःचं वय लिहून ठेवलं.

आता अडचण अशी आहे की चारही ग्राफचे आकडे वेगवेगळ्या मापात आहेत, कोटी, टन, किलो, एका पानावर बसवायचे कसे?

---

विहीर_तपासनीस

मूळ आकडे घेऊच नका. १९६१ साल म्हणजे १ असं धरा आणि पुढचं प्रत्येक वर्ष त्याच्या किती पट झालं तेवढंच काढा, मग सगळं एकाच पानावर एकाच स्केलमध्ये येईल. लोकसंख्या अडीच-पावणेतीनच्या आसपास थांबेल, कार्बन चारच्या जवळ, खत नऊ-दहावर जाईल, मुलांची रेघ अर्ध्याच्या खाली उतरेल. उभी बाजू दहापर्यंत ठेवा म्हणजे यावेळी कागद चिकटवायला लागणार नाही. आणि तिला जवळपासचं पाणी तपासून बघायचं असेल तर नायट्रेटच्या पट्ट्या मिळतात, डब्यावर रंगांचा तक्ता असतो त्याच्याशी जुळवायचं, फक्त एक मिनिट पूर्ण थांबायला सांगा, पोरं घाई करतात आणि रंग अर्धाच येतो.